गंज आणि झीज

पिस्टनच्या डोक्यावरची काजळी मिस्त्रींनी रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढली आणि खालून तीन आकडे वर आले. ०२०.

“आधी एकदा बोअर झालंय इंजिन,” ते म्हणाले. “डाक्टरसाहेब बोलले न्हाईत कधी?”

आप्पा, म्हणजे माझे वडील, बोलले नव्हते. त्या बुलेटच्या टाकीवर बसून मी शाळेत गेले आहे. तिच्या सायलेन्सरनं पोटरीला दिलेला डाग अजून माझ्या अंगावर आहे. पण तिचं इंजिन पूर्वी कधी उघडलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

०२० म्हणजे २० थाऊ. इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे थाऊ. देशात मिलिमीटर येऊन साठ वर्षं झाली, तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातली जुनी माणसं अजून थाऊतच मोजतात. २० थाऊ म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. नव्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर असतो. पिस्टन वर्षानुवर्षं वरखाली करून तो आतून झिजतो आणि गोल राहत नाही. मग तो आतून अर्धा मिलिमीटर कातून पुन्हा गोल करायचा आणि तेवढाच जाडा पिस्टन घालायचा. त्या जाडीचा आकडा पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेला असतो. इंजिन उघडेपर्यंत तो कुणाला दिसत नाही.

संध्याकाळी घरी येऊन विचारलं तेव्हा आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “८८ सालचा मे महिना. नऊ दिवस गाडी नव्हती.”

आप्पा गुरांचे डॉक्टर. राधानगरी तालुक्यात त्यांची बरीच नोकरी झाली. १९७९ साली घेतलेल्या या बुलेटवर मागच्या बाजूला दोरखंडानं बांधलेलं नायट्रोजनचं भांडं असायचं. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात उणे १९६ अंशाला ठेवलेल्या असत. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर उतरायची आणि आम्ही पोरं त्यात पाय घालायला धावायचो. गाडी बोअरिंगला गेली त्या नऊ दिवसांत आप्पा ते भांडं एका पोराच्या मदतीनं खांद्यावर घेऊन वाड्यावस्त्यांवर चालत गेले होते. म्हशीचा माज काही गाडी दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हिशेब लावल्यासारखं सांगितलं. कोणत्या दिवशी कोणती वाडी, हेसुद्धा त्यांच्या लक्षात होतं.

गाडी बंद पडली ती २०१९च्या ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. आमच्या गल्लीत ते इतक्या वेगानं आलं की आप्पांना आणि आईला बाहेर काढण्यापलीकडे काही सुचलं नाही. बुलेट जिन्याखाली उभी राहिली आणि टाकीपर्यंत बुडाली. नंतर मला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं, हे पाणी आलं कुठून? पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांतली एक भोगावती. शाहू महाराजांनी तिच्यावर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक उंचीला पोचलं की माणसाचा हात न लागता आपोआप उघडतात. ज्या नदीच्या काठाकाठानं ही गाडी बावीस वर्षं फिरली, तीच नदी तिला शोधत आमच्या जिन्याखाली आली होती.

पुरातून निघालेल्या गाडीचं काय करायचं, हे मला आता माहीत आहे. किक मारायची नाही. प्लग काढायचा, सगळं तेल सोडून द्यायचं, सिलिंडरमध्ये डिझेल ओतायचं, आणि हे सगळं पहिल्या दोन दिवसांत करायचं. आम्ही ते केलं नाही. घरातला चिखल काढायलाच महिना गेला. मग आईचं आजारपण आलं, मग लॉकडाऊन. गाडी धुऊन पुसून ठेवली होती. बाहेरून ती बरी दिसायची. २०२१च्या जानेवारीत मी किकवर उभी राहिले तेव्हा किक दगडासारखी घट्ट होती.

मिस्त्रींनी आठवडाभर प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेल मिसळून ओतलं. रोज संध्याकाळी किकवर थोडा जोर द्यायचा, हलतंय का बघायचं, सोडून द्यायचं. अकराव्या दिवशी हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकलं, तेव्हा तो सुपारीच्या जाडीएवढा खाली सरकला. माझ्या तोंडून नकळत आवाज निघाला. मिस्त्री नुसते मान हलवून पुन्हा ठोकायला लागले.

मी शाळेत गणित शिकवते. रविवार आणि सुट्ट्या मिळून हे काम करायचं, मी हाताखाली राहायचं, आणि प्रत्येक भाग मी स्वतः धुवायचा, मोजायचा आणि वहीत लिहायचा, असं आमचं ठरलं होतं. मिस्त्रींनी आधी जरा आढेवेढे घेतले. पण बुलेटमध्ये काय कुठे जातं याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता आणि तो कागदावर नव्हता. तो कागदावर यावा असं मला वाटत होतं, आणि बहुतेक त्यांनाही.

हे इंजिन फार सरळ आहे, आणि ते सरळ आहे म्हणूनच मी हे धाडस केलं. ७० मिलिमीटरचं बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ३४६ सीसी. लांब स्ट्रोकमुळे ते सावकाश आणि जोर लावून चालतं. बीडाचं सिलिंडर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात नसून मागे वेगळा बोल्ट केलेला. ही मांडणी इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एनफील्ड कारखान्याची. १९५५ साली मद्रासला तिचं उत्पादन सुरू झालं ते मुख्यतः लष्कराच्या मागणीमुळे. पुढे इंग्लंडात ती बंद पडली आणि इथे २०१०च्या आसपासपर्यंत बीडाचं इंजिन बनत राहिलं. म्हणून १९७९च्या गाडीचे सुटे भाग अजून मिळतात, आणि म्हणून मिस्त्रींसारख्या माणसाच्या हातात चाळीस वर्षांचा सराव आहे.

सिलिंडर उचललं त्या दिवशी जे पाहिलं, त्यावरून या लेखाला नाव मिळालं.

आतल्या भिंतीवर, पिस्टनच्या रिंगा जिथे दीड वर्ष टेकून उभ्या होत्या, तिथे तीन काळ्या वर्तुळाकार रेषा होत्या. नख फिरवलं की अडकायचं. तो गंज. त्याच भिंतीवर वरच्या टोकाला, रिंग जिथून परत फिरते तिथे, एक बारीकशी पायरी होती. ती झीज. उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी बोअर गेज आत सोडून सहा ठिकाणी माप घेतलं आणि मी लिहून घेतलं. वरच्या बाजूला झीज जास्त, कारण तिथे स्फोटाचा दाब सगळ्यात जास्त आणि तेल सगळ्यात कमी. डावी-उजवीकडे झीज कमी, पुढे-मागे जास्त, कारण पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होतो आणि पिस्टनला त्या भिंतींवर रेटतो. १९८८पासूनची जास्तीत जास्त झीज ७ थाऊ निघाली. मग त्यांनी गंजाच्या खळग्यांची खोली तपासली. व्यासावर धरली तर १२ थाऊ.

मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बघत बसले. आप्पांनी वाड्यावस्त्या, घाट, चिखल, मध्यरात्री अडलेल्या म्हशी असं सगळं करून भिंत ७ थाऊ झिजवली होती. नुसतं उभं राहून दीड वर्षात त्याच्या पावणेदोनपट गेली.

लहानपणी शाळेच्या फळ्यावर सुविचार असायचा, गंजण्यापेक्षा झिजणं बरं. मी तो शंभर वेळा वाचला असेन आणि मुलांकडून लिहूनही घेतला आहे. पण त्या वाक्यातल्या दोन्ही क्रिया एकाच लोखंडावर, बोटभर अंतरावर, आकड्यांत मोजलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. झीज गुळगुळीत असते, हाताला रेशमासारखी लागते. तिला दिशा असते. कुठून जोर आला ते ती सांगते. गंज मात्र कुठूनही खातो.

पुढचं माप ०४०. काकांनी बोरिंग केलं, मग होनिंग. होनिंगचे दगड फिरत वरखाली होतात तेव्हा भिंतीवर बारीक तिरक्या रेघांची जाळी उमटते. भिंत आरशासारखी गुळगुळीत करायची नसते, कारण त्या रेघांत तेल थांबतं आणि नव्या रिंगा त्यांच्यावर घासून आपली जागा धरतात. रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फट मोजली. १२ ते १५ थाऊ हवी. एक रिंग ९ थाऊ निघाली. तापल्यावर तिची टोकं एकमेकांना भिडली असती आणि भिंत खरवडून निघाली असती. ती मी कानशीनं घासली. तीन वेळा घासा, एकदा मोजा, असं करत पाऊण तास लागला. त्या कामातलं समाधान मला शब्दांत नीट सांगता येत नाही. एवढंच की त्या पाऊण तासात मला दुसरं काही आठवलं नाही. त्या वर्षी असा वेळ फारसा मिळत नव्हता.

उजव्या बाजूचं कव्हर उघडलं तेव्हा क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्यानं फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकावरचा एक नट छिन्नीच्या घावांनी भरलेला दिसला. मिस्त्रींनी जीभ चटकन वाजवली. “ह्यो उलटा आटा हाय ताई. घट्ट करताना फिरवतोय तसं फिरवायचं, म्हंजे सुटतोय. कुणीतरी सुलटा समजून हाणलाय.” त्या नटावरच एक मळसूत्र कोरलेलं असतं आणि तेच दोन्ही तेलपंप फिरवतं. एक पंप टाकीतलं तेल क्रँककडे पाठवतो, दुसरा तळाला जमलेलं तेल परत टाकीत नेतो. टाकी म्हणजे इंजिनाच्या ओतीव अंगातलाच मागचा कप्पा. परतीचा पंप पाठवणाऱ्यापेक्षा मोठा असतो, कारण तळ कोरडा राहायला हवा. पंपांच्या चकत्या काचेवर बारीक पेस्ट लावून आठाच्या आकारात घासायचं काम मी घरी जेवणाच्या टेबलावर केलं. आप्पा शेजारी बसून बघायचे. त्यांना आता दूरचं नीट दिसत नाही, पण चकती हातात घेऊन अंगठा फिरवला की “अजून एक कड उंच आहे” म्हणायचे. ती असायची.

क्रँकचं काम मात्र माझ्या हातचं नव्हतं. या जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला तरंगता बुश, म्हणजे धातूचं कडं, असतो. तो पिनवरही सैल आणि रॉडमध्येही सैल, दोन्ही बाजूंनी तेलाच्या पातळ थरावर फिरणारा. पुराच्या पाण्यानं पिनवर गंजाचे डाग पडले होते. फ्लायव्हील प्रेसवर सोडवून नवी पिन, नवा बुश घातला. मग दोन्ही फ्लायव्हील पुन्हा एका रेषेत आणायची. क्रँक दोन टोकांवर टांगून काकांनी डायल लावला, हातानं फिरवला, काटा कुठे उसळतो ते पाहिलं, तिथे खडूची खूण केली आणि तांब्याच्या हातोडीनं एक ठोका दिला. पुन्हा फिरवलं. पुन्हा खूण, पुन्हा ठोका. चाळीस-पन्नास वेळा तरी झालं असेल. शेवटी काटा जवळजवळ हलेनासा झाला. त्यांच्या पोराला त्यांनी जवळ बोलावलं आणि ठोका किती जोरात द्यायचा ते त्याच्या तळहातावर हातोडी टेकवून दाखवलं.

आता गिअरबॉक्स. आप्पा मला खऱ्या अर्थानं भेटले ते तिथे.

आल्बियनचा चार गिअरचा डबा. गिअरचा दांडा उजव्या पायाला, पहिला वर, बाकीचे तीन खाली. शिवाय वेगळा एक छोटा दांडा, टाचेनं दाबला की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून थेट न्यूट्रल. तो दांडा मला लहानपणी फार आवडायचा. डब्यात जुन्या पद्धतीप्रमाणे ग्रीस आणि तेल मिसळून भरलेलं होतं. कव्हर काढलं तेव्हा ते सगळं दुधाळ चहाच्या रंगाचं झालेलं होतं आणि तळाला पंचगंगेचा गाळ, मऊ, अंगारा असतो तसा. पण त्या ग्रीसनंच गिअर वाचवले होते. दातांवर ते इतकं चिकटून होतं की पाणी आत शिरूनही पोलादापर्यंत पोचलं नाही. बेअरिंगं गेली, बुश गेले, गिअर तगले.

सगळं काढून, धुऊन, वर्तमानपत्रावर क्रमानं मांडलं. मिस्त्रींनी दुसऱ्या गिअरची चाकं उचलली आणि उजेडाकडे धरली. दोन शेजारच्या चाकांना एकमेकांत अडकवणारे जे जाडे खांब असतात, त्यांच्या कडा नव्यात चौकोनी असतात. या गोल झाल्या होत्या, साबणाच्या वडीसारख्या. पहिल्याच्या, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या कडा ठीक होत्या. फक्त दुसरा.

मग त्यांनी सिलेक्टरचा फोर्क हातात घेतला. हा फोर्क चाकं सरकवतो आणि एरवी खोबणीत सैल बसून असतो, त्यामुळे झिजला तर दोन्ही अंगांनी सारखा झिजावा. हा एकाच अंगानं पातळ झाला होता. त्यांनी तो उलटसुलट केला, खोबणीत घालून पाहिला आणि मला विचारलं, “साहेब दुसऱ्या गिअरला पाय दाबून धरत हुते काय?”

मी लहान होऊन टाकीवर बसले. समोर चढ, इंजिन खालच्या सुरात घुमणारं, आणि खाली बघितलं की आप्पांचा उजवा बूट गिअरच्या दांड्यावर दाबलेला. चढ संपेपर्यंत तो बूट हलायचा नाही. मला वाटायचं बुलेट अशीच चालवतात.

“दुसरा निसटत असणार,” मिस्त्री म्हणाले. “लोड आला की चाकं एकमेकांना ढकलत्यात, कडा गोल असल्या की सटकून मोकळी हुत्यात. मग पाय दाबून ठेवायचा. पण दाबून ठेवला की सगळा जोर फोर्कवर, मग त्यो झिजतोय. त्यो झिजला की गिअर पुरता आत जात न्हाई, मग आणि निसटतोय.” त्यांनी फोर्क वर्तमानपत्रावर ठेवला. “लई वर्सं असंच चालवलंय.”

आप्पांना विचारलं. राधानगरीच्या पुढे दाजीपूरच्या बाजूचे रस्ते तेव्हा दगडधोंड्यांचे होते. पहिल्यात गाडी तापायची, तिसऱ्यात गुदमरायची, म्हणून सगळा प्रवास दुसऱ्यात. ९०-९१च्या सुमारास तो निसटायला लागला. गिअरबॉक्स उघडायचा तर पुन्हा आठवडाभर गाडी नाही. “मग पाय ठेवायची सवय केली,” ते म्हणाले. आणि एवढं बोलून त्यांनी उजवा पाय जरासा पुढे घेतला. आपण तो घेतला हे त्यांना कळलंही नसावं. त्यांचा उजवा गुडघा डाव्यापेक्षा जास्त दुखतो. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, हे कुठल्या गेजनं मोजणार?

बाजारातून दुसऱ्या गिअरची नवी जोडी आणली. दिसायला चकचकीत होती. मिस्त्रींनी दातांवर निळ लावली, जुळवून फिरवली, आणि मला दाखवलं. खूण दातांच्या मध्यभागी पडायला हवी, ती एका कडेलाच पडत होती. परत केली. दुसरी जोडी एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर मिळाली, तपकिरी कागदात गुंडाळलेली, अजून तेलकट. तिची खूण मधोमध आली. फोर्क मात्र नवा घेतला नाही. नवे दोन आणून पाहिले, खोबणीत एक सैल आणि एक आखूड. मिस्त्रींनी जुन्याच्या झिजलेल्या अंगावर पितळेची झाळ चढवली आणि कानशीनं, मग पॉलिश पेपरनं, घासत घासत मूळ जाडीला आणला. शेवटचे चार-पाच थाऊ मी घासले. स्लीव्ह गिअरचे आणि लेशाफ्टचे बुश काकांनी गनमेटलच्या कांबीतून कातले. बाजारात तयार मिळतात, पण काका म्हणाले, “शाफ्ट झिजलाय तेवढा बुश लहान पाहिजे. तयार मापात तुझ्या वडिलांचा शाफ्ट बसायचा न्हाई.” बुश ठोकल्यावर रीमर फिरवला, शाफ्ट तेल लावून आत सोडला, आणि तो स्वतःच्या वजनानं सावकाश, न अडखळता खाली गेला. काकांनी तेव्हा चहा मागवला.

हे होईपर्यंत जून उजाडला होता. जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं. २०२१चा पूर, २०१९पेक्षाही वर गेला. या वेळी सगळे सावध होते. गल्लीत पाणी घोटाभर असताना मी आणि शेजारची दोन पोरं मिळून सगळे भाग वर नेले. क्रँक जुन्या चादरीत गुंडाळून. सिलिंडर तेल चोपडून प्लॅस्टिकच्या पिशवीत. गिअरबॉक्सचे भाग लाडवांच्या डब्यांत. फक्त चासी खाली राहिली आणि ती पुन्हा बुडाली. माडीवर आप्पांच्या खाटेखाली बुलेटचं इंजिन नऊ खोक्यांत पडून होतं आणि खिडकीखाली भोगावती वाहत होती. वीज नव्हती. रात्री आप्पा म्हणाले, “क्रँक कुठे ठेवलास?” मी म्हणाले, तुमच्या उशाशी. त्यांनी हात लांबवून चाचपून पाहिलं.

जोडणी दिवाळीनंतर सुरू झाली आणि ती मोडण्यापेक्षा झरझर झाली. क्रँककेसचं अर्धं अंग शेगडीवर तापवलं. त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चुरचुरून उडाला की तयार. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे एरवी हातोडीनंही जाणार नाही ते बेअरिंग हातानं अलगद खाली बसतं आणि केस गार होताच त्याला धरून ठेवतं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, पोर्टमध्ये रॉकेल ओतून तासभर ठेवलं, खाली एक थेंब आला नाही. पुशरॉड दोन बोटांत फिरवून पाहायचे, सहज फिरले पाहिजेत पण वरखाली हलता कामा नयेत, आणि हे इंजिन पूर्ण गार असताना, पिस्टन दाबाच्या वरच्या टोकाला असताना. इग्निशन टायमिंगला, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवायला, मिस्त्रींनी बिडीच्या बंडलातला पातळ कागद ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमध्ये सरकवला. पिस्टन माथ्यावर यायला ०.८ मिलिमीटर बाकी असताना कागद जेमतेम सुटायला हवा. कागद ओढायचं काम माझं. चौथ्यांदा तो हातात आला, जणू कुणी पलीकडून सोडला.

डिसेंबरमधला रविवार. आप्पांना खुर्ची घालून गॅरेजच्या दारात बसवलं. त्यांनी किक कशी मारायची ते मला सांगायला सुरुवात केली. मला ते येत होतं, पण मी ऐकलं. किल्ली चालू. किक हलकेच दाबत जा आणि अँमीटरचा काटा बघ. काटा डावीकडून मध्यावर आला की थांब. सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढ, किक आणखी थोडी खाली, सोड. आता वर घे आणि पूर्ण मार. घाई नको, जोर नको, वजन टाक.

तिसऱ्या किकला इंजिन बोललं. दोन ठोके, थांबलं. पाचव्याला लागलं. निळा धूर, जमलेल्या तेलाचा, मिनिटभरात विरला. मिस्त्री तेलाच्या टाकीचं झाकण उघडून तेल परत येतंय का ते बघत होते. धार आली तसं त्यांनी बोट वर केलं. आप्पांनी डोळे मिटले होते. थोड्या वेळानं म्हणाले, “डाव्या बाजूनं काहीतरी किरकिरतंय.” प्रायमरी चेन होती, जरा ढिली. बंद करून ताणली.

पहिले ५०० किलोमीटर ४०च्या आत चालवायची. तेवढ्यात एकदा तेल बदललं. मग जानेवारीतल्या एका सकाळी आप्पा म्हणाले, राधानगरीला जाऊ. डॉक्टरांना विचारलं, कमरेला पट्टा बांधला, आईनं स्वेटरवर स्वेटर घातले. शेजारच्या पोरानं धरून त्यांना मागे बसवलं. वाटेतल्या हळदी गावापर्यंत, फार तर परित्यापर्यंत जाऊन परत यायचं, असं आमचं दोघांचं ठरलं, आईला न सांगता.

रंकाळा मागे पडला. धुकं होतं. पुईखडीचा चढ लागला तशी मी तिसऱ्यातून दुसऱ्यात आले. खट्ट. स्वच्छ. इंजिनानं सूर खाली घेतला आणि चढायला लागलं. गिअर जागेवर होता. पाय काढला तरी जागेवर होता.

तेवढ्यात उजव्या कमरेला काहीतरी रुतलं. आप्पांचा गुडघा. मागच्या फूटरेस्टवर त्यांनी उजवा पाय खाली दाबून धरला होता, सगळा भार देऊन, आणि गुडघा पुढे येऊन मला टेकला होता. चढ संपेपर्यंत तो तसाच राहिला.

“राहतोय का दुसरा?” त्यांनी कानाशी विचारलं.

“राहतोय, आप्पा.”

“तरी पाय ठेव.”

मी पाय ठेवला.